मागितल्यास तासाभरात परत

नागपूरच्या नंदनवन भागातली ती वरची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची मी पूर्ण तयारी केली होती. नोकरी कुठे, गाव कोणतं, लग्न झालं का, मटण शिजवता का, मित्र किती आणि ते रात्री थांबतात का. सगळ्याची उत्तरं पाठ होती, त्यातली दोन खोटी होती.

काकांनी यातलं एकही विचारलं नाही. मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "ड्रिल मशीन हाय का तुह्याजवळ?"

मला वाटलं, माझं कौशल्य विचारताहेत. मी हिंगण्याला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, डिप्लोमा नवा होता, ड्रिल मशीन त्याहून नवी होती. छाती पुढे काढून म्हणालो, "आहे ना काका! काही भोक-बिक पाडायचं असेल तर..."

"आणून दे मंग. जमा कर."

अशी माझी ड्रिल मशीन पहिल्याच दिवशी काकांच्या कपाटात गेली. कपाट म्हणजे एका जुन्या कूलरची पत्र्याची बॉडी. पंखा काढलेला, टाकी काढलेली, आत फळ्या नुसत्या ठेवलेल्या. नागपुरात जुन्या कूलरचं काय करायचं हा प्रश्न घराघरात असतो, बहुतेक लोक तो गच्चीवर गंजत ठेवून सोडवतात. काकांनी त्यात कपडे, औषधं आणि आता माझी मशीन ठेवली होती.

घरात शिरलो आणि मग एकेक दिसायला लागलं. व्हरांड्यात सोफ्याच्या जागी बंद पडलेल्या टॉकीजच्या तीन खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, पाठीवर नंबर अकरा, बारा, तेरा. पाहुणा उठला की सीट फाडकन वर जायची. नवा पाहुणा त्या आवाजाने दचकायचा, जुना पाहुणा हात मागे धरून उठायचा. स्वयंपाकघरात किराणा दुकानातला तराजू टांगलेला, एका पारड्यात संत्री, दुसऱ्यात कांदे. काकू बाजारातून येताना दोन्ही पारडी सारखी राहतील अशी खरेदी करायच्या. "इकडून झुकला का डोळ्याले बरं नाई वाटत, बाबू," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. टाइपरायटरच्या रोलरमध्ये विजेचं बिल चढवलेलं असायचं. भरलं की काका रोलर फिरवून ते बाहेर काढत, मग रोलर शेवटपर्यंत सरकवून घंटी वाजवत, आणि काकांच्या चेहऱ्यावर पगार झाल्यासारखं समाधान येत असे.

काकांचं मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. वडिलांचा हातमाग होता. त्याची फणी, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून जातात ती दाट दात्यांची लांब पट्टी, बैठकीच्या भिंतीशी फळीवर उभी होती आणि तिच्यात लग्नाच्या पत्रिका खोचलेल्या होत्या. मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा टेबलावर होता. होडीसारखा, मधे पोकळ. त्या पोकळीत काकांचा चष्मा अगदी मापात बसायचा.

काका मात्र मागावर कधी बसले नाहीत. त्यांनी हिंगण्याच्याच एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये जन्म काढला. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोण किती मिनिटं उशिरा. रिटायर होताना उरलेल्या कोऱ्या हजेरी कार्डांचा एक गठ्ठा ते रीतसर परवानगीने घरी घेऊन आले होते. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यातलं एक कार्ड दोऱ्याने बांधलेलं. माझी मशीन जमा झाली त्याच संध्याकाळी तिचंही कार्ड तयार झालं:

मूळ काम: भोक पाडणे.
सध्याचे काम: काही नाही.
मूळ मालक: वरची खोली.

आणि खाली, प्रत्येक कार्डावर असायची तशी, लाल शाईची ओळ: मागितल्यास तासाभरात परत.

"माणूस रिटायर होते गा," काका म्हणत, "वस्तू नाई होत. वस्तूची बदली होते. आन् बदलीवर गेलेल्याले कवाही वापस बोलावू शकते."

म्हणून त्यांच्याकडे वस्तू सजायची, पण बदलायची नाही. भोक नाही, खिळा नाही, करवत नाही. सगळं टेकवलेलं, बांधलेलं, अडकवलेलं. लोकांनी ठेवायला दिलेली वस्तू पुन्हा तिच्या जुन्या कामाला तासाभरात लागली पाहिजे, हा नियम. मी एकदा सुचवलं होतं की टॉकीजच्या खुर्च्या हलतात, जमिनीत चार बोल्ट मारून टाकू. काकांनी शांतपणे विचारलं, "इंजिनेर, भोक पाडता येते तुले?"

"येतं ना काका."

"काढता येते का?"

डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं. मला इंजिनेर म्हणणारे जगात दोघेच होते, माझी आई आणि काका. आई अभिमानाने म्हणायची.

गंमत अशी की तासाभरात परत, परत म्हणून काका इतकी वर्षं बसले होते, पण परत मागायला कोणीही आलं नव्हतं. कोण येणार? टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. किराणावाल्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता. काकूंना हे ठाऊक होतं. "याइले वाटते, लोक रांग लावून येतीन," त्या म्हणायच्या. काका ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि महिन्यातून एकदा सगळ्या कार्डांवरची धूळ पुसत.

मग ती खुर्ची आली.

रामदासपेठेतल्या एका गल्लीत, दवाखान्यांच्या मधे, एक जुनं सलून होतं. काका तिथे तीस वर्षं केस कापून घेत. इमारत पाडायची ठरली, सलूनवाले भाऊ एका मोठ्या पार्लरमध्ये नोकरीला लागले. तिथल्या खुर्च्या मऊ आणि काळ्या होत्या. यांची खुर्ची म्हणजे बिडाचा पाय, लाल रेक्झिन, डोकं टेकायला उशी, आणि बाजूला एक दांडा. दांडा ओढला की पाठ एकेक दात मागे जायची, खट, खट, खट. भाऊंनी ती काकांकडे ठेवली. चार माणसांनी उचलून आणली. "विकत नाई देत, बाबूजी," ते म्हणाले, "ठेवून देऊन राहिलो." काकांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी चहा दोनदा पाजला.

खुर्ची बैठकीत मधोमध बसली. ती गोल फिरायची. पेपर वाचताना उजेडाकडे, मेहुण्यांचा फोन आला की भिंतीकडे, पाहुणा आला की पाहुण्याकडे. हिवाळ्यात काकू नहाल्या की तिला दाराकडे फिरवून, मागे रेलून, उन्हात केस वाळवायच्या. फक्त एक खोड होती. जड माणूस बसला की पाठ एखादा दात आपोआप मागे सरकायची.

एप्रिलात काका-काकू लग्नाला आठ दिवस उमरेडला गेले. जाताना काकांनी मला घराचा चार्ज दिला, म्हणजे खरोखर कागदावर सही घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसलो, कपात चहा, पायावर पाय, मालक असल्यासारखा. खट. सगळा चहा छातीवर.

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने शर्ट बदलला असता. मी खुर्ची बदलली. मला वाटलं, काकांचं वय झालंय, एखाद दिवशी पडतील. शिवाय भोक, खिळा आणि करवत यांवर बंदी होती, वेल्डिंगचं नाव नियमात कुठेच नव्हतं. घरात वेल्डिंग सेट कोण ठेवतं, म्हणून काकांनी विचारलंच नव्हतं. मी बाजूचे चार बोल्ट काढले, आठ दातांची चकती आणि तिच्यात अडकणारा खटका पिशवीत घातला, कारखान्यात नेला, आणि आमच्या वेल्डरला म्हणालो, "दोन टाके मार."

त्याने माझ्या प्रेमापोटी सहा मारले. मी ते ग्राइंडरने गुळगुळीत केले, काळा रंग दिला, परत बसवले. खुर्ची अशी ताठ झाली की जणू तिला बढती मिळाली. मी चार वेळा बसून पाहिलं. मग काकांच्या येण्याची, खरं म्हणजे शाबासकीची, वाट बघत राहिलो.

काका रविवारी रात्री आले. सोमवारी सकाळी नऊ वाजता सलूनवाले भाऊ दारात उभे. मी टूथब्रश तोंडात घालून जिन्यात.

"बाबूजी, लाज वाटते मांगायले," ते म्हणाले. "पार्लरची नोकरी सोडली. इथंच नंदनवनात गाळा भेटला, लहानसा. अक्षय तृतीयेले चालू करतो. परवा. म्हटलं, आपली खुर्ची..."

काकांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. "नऊ वाजून दहा मिनटं. दहा दहाले तुमच्या गाळ्यात. अवं, ऐकलं का? मांगायले आले!"

आतून काकू हात पुसत आल्या. "आले का? बरं झालं बाई. सुटले आता तुम्ही."

"बसून पाहा," काका भाऊंना म्हणाले. "जशी होती तशी हाय का नाई ते पाहा. चेक करून न्या."

भाऊ बसले नाहीत. कारागीर माणूस, मागे जाऊन उभे राहिले, गिऱ्हाईक बसलंय असं समजून उशीला हात लावला, दुसऱ्या हाताने दांडा ओढला. दांडा हलला नाही. पुन्हा ओढला. मग खाली वाकून बोटाने चकती चाचपली.

"हे... वेल्डिंग मारली काय, बाबूजी?"

 काकांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात फेस होता, त्यामुळे मलाही बोलता येईना. मला तेवढा एकच आधार होता.

"मी... काका, ती सरकत होती... तुम्ही पडाल म्हणून..."

"मी पडलो?" काका म्हणाले.

"नाही. मी."

काकू म्हणाल्या, "मंग स्वतःले वेल्डिंग मारायची होती ना बाबू."

भाऊ चांगला माणूस. "राहू द्या बाबूजी, मी प्लास्टिकची खुर्ची मांडतो. कटिंग होते तिच्यावर."

"आन् दाढी? प्लास्टिकच्या खुर्चीत मान कुठं टेकवन माणूस? तुमच्या खांद्यावर?"

मग काका जाऊन त्या ताठ खुर्चीत बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. भाऊ टॉकीजच्या अकरा नंबरवर बसले. मी जिन्यातच. कोणी मला हाकललं नाही हे जास्त वाईट होतं. दहा वाजून दहा झाले तसे काका उठले, खुर्चीचं कार्ड सोडलं, आणि टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं: उशीर. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या कार्डांवर हा शब्द लिहीत आले होते.

"चाल," मला म्हणाले. "तुह्या कारखान्यात."

"चकती काढून नेतो ना काका, मी एकटा..."

"तू एकटा नको. आन् नुसती चकती नको. अख्खी खुर्ची, आन् मी."

दुपारच्या शिफ्टच्या कंपनी बसने आम्ही खुर्ची नेली. मागच्या दाराजवळ ती उभी केली, तिला दोरीने बांधलं, काका दांड्याला धरून उभे. ड्रायव्हर ओरडला, "हे कोणाचं सीट हाय बे?" पण हिंगण्याच्या शिफ्टमधली मंडळी विनोद सोडणारी नव्हेत. प्रत्येक स्टॉपवर एक जण खुर्चीत बसायचा, दुसरा त्याच्या गळ्याला टॉवेल गुंडाळायचा. "थोडे बारीक करा, भाऊ!" "बाजूचे ठेवा, सायेबाचे पूर्ण उडवा!" सायेब म्हणजे मी. काका हसले नाहीत, पण कोणाला उठवलंही नाही. खुर्चीत माणूस बसतोय हे त्यांना पसंत असावं.

कारखान्यात टाके कापून काढले, तेव्हा आठांपैकी एक दात टाक्याबरोबरच गेला. वेल्डर म्हणाला, नवा दात भरून देतो. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला गेला. उरलेले सात दात काकांनी घरी आणून स्वतः कानशीने घासले, मंगळवारचा अख्खा दिवस, व्हरांड्यात, उन्हात. मी चकती धरून बसायचो. दिवसभरात ते एकच वाक्य बोलले, तेही चौथ्यांदा चकती हलल्यावर: "धरायचं काम तरी येते का?"

काम झालं, पण तिसऱ्या दातानंतर पाचवाच होता. तिथे पाठ एकदम खाली जायची. अक्षय तृतीयेला सकाळी खुर्ची गाळ्यात पोचली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण यावर चर्चा झाली. सगळ्यांना वाटलं काका, वडीलधारे. काका म्हणाले, "ज्यानं वेल्डिंग मारली त्याची पह्यली दाढी."

मला तेव्हा मिशा होत्या. पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचं होतं आणि मिशांसकट फोटो आधीच गेला होता. मी बसलो. साबण लागला. "खट," भाऊंनी एक दात मागे नेलं. "खट." "खट." मग चौथा दात आलाच नाही. मी पाचव्यावर जाऊन आदळलो आणि भाऊंचा वस्तरा गालावरून मिशीत शिरून अर्ध्यातून बाहेर आला. रक्त नाही, एक थेंबसुद्धा नाही. हात कसा असतो ते तेव्हा पाहिलं. पण अर्धी मिशी गेली, मग उरलेली ठेवून काय करणार.

पुढच्या रविवारी मुलीने माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "फोटोतले ते तुमचे भाऊ का?" तिला सगळी हकिगत सांगावी लागली. ती इतकी हसली की लग्न ठरलं.

भाऊंनी पुढे युक्ती काढली. तिसऱ्या दातानंतर पाठीला गुडघा लावायचा आणि हळूच पाचव्यावर उतरवायचं. आजही तसंच करतात. काकांनी त्यांना खुर्चीचं नवं कार्ड दिलं, ते आरशाला खोचलेलं आहे: सात दात. दिली: तासाभरात नव्हे, दोन दिवस उशिरा. जुनं कार्ड, उशीर लिहिलेलं, त्यांनी बैठकीत खुर्चीच्या जागेवर फरशीवर ठेवलं. त्यावर एक छोटं वजन. तिथे दुसरं काही कधी ठेवलं नाही. कोणी विचारलं की काका सगळं सांगत, नेमक्या वेळांसकट, आणि शेवटी बोट वर करत. वर म्हणजे देवाकडे नव्हे, माझ्या खोलीकडे.

तरी त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. लग्नानंतर दीड वर्षाने हिंगणा रोडला माझा स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हा मी चाबी दाखवायला गेलो. काकांनी पेढा खाल्ला, कूलरच्या कपाटाकडे पाहिलं. "मशीन पायजे का तुही?"

"राहू द्या काका." त्या खुर्चीनंतर माझ्या हातात मशीन देण्याइतका माझाही माझ्यावर विश्वास नव्हता.

मग त्यांनी खिशातून एक हजेरी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. अक्षर तेच.

मूळ जागा: नंदनवन, वरची खोली.
मूळ काम: काकूंचा गॅस सिलिंडर चढवणे, धरणे (बरे जमते).
सध्याचे काम: स्वतःच्या घरी नवरा.
मागितल्यास तासाभरात परत.

मी म्हटलं, "काका, मूळ मालक लिहायचं राहिलं."

"रिकामं ठेवलं," ते म्हणाले. "तुही आई वाचन तर तिले राग येईन."

गेल्या थंडीत काका गेले. झोपेत गेले, साडेपाचच्या सुमाराला. काकूंना वेळ नेमकी सांगता आली, कारण इतकी वर्षं या माणसाच्या घरात त्यांनाही ती सवय लागली होती.

महिन्याभराने एका रविवारी काकूंचा फोन आला. "कार्ड हाय ना तुह्याजवळ?"

"आहे ना, काकू."

"मंग ये. मांगून राहिली मी."

बायको म्हणाली, जेवून जा. मी म्हटलं, वेळ नाही. हिंगणा रोडवरून नंदनवन, मधे सगळे सिग्नल लाल. व्हरांड्यात शिरलो तेव्हा काकू घड्याळाखालीच उभ्या होत्या. "पन्नास मिनटं," त्या म्हणाल्या. "दहा उरले. चाय पे."

काम एवढंच होतं की काकांचा फोटो फ्रेम होऊन आला होता आणि तो भिंतीवर लावायचा होता. चांगला मोठा फोटो, चष्म्यासकट. मी भिंत ठोकून पाहिली. कूलरच्या कपाटातून माझी मशीन काढली. वायर व्यवस्थित गुंडाळलेली, कार्ड तसंच, महिन्याच्या महिन्याला पुसलेलं. मी प्लग शोधला, बिट लावला, भिंतीला टेकवला. काकू मागे उभ्या. दोघांनीही एकदमच फोटोकडे पाहिलं. फोटोतले काका नेहमीसारखंच बघत होते.

"काढता येते का?" काकू म्हणाल्या.

"नाही."

"मंग राहू दे."

भिंतीशी ती फळी होती, लग्नाच्या पत्रिकांची फणी जिच्यावर उभी असे. फणी जरा मागे सरकवली, तिला टेकवून फोटो ठेवला. तो मागे कलायला लागला, चाळीस एक पत्रिकांना काही तो पेलेना. मी हातात काय आहे ते पाहिलं आणि ते फोटोच्या मागे ठेवलं. मशीन जड असते. काका ताठ उभे राहिले, एकाही दाताने सरकले नाहीत.

काकूंनी धोट्यातून चष्म्याशेजारचा पेन काढून दिला. मी कार्डावरचं "काही नाही" खोडलं आणि लिहिलं: सध्याचे काम: काकांना टेकू.

खालची लाल ओळ खोडायला निघालो, तर काकूंनी हात धरला. "राहू दे ते. सगळ्याइले हाय ते."

मग आम्ही चहा प्यायलो. मी बारा नंबरवर, काकू अकरावर. उठताना मी हात मागे धरला.